एका वाक्याला नऊ संदर्भ

(पत्र थोडं छोटं करून देत आहे.)

‘आदरणीय मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.टेक. स्ट्रक्चर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोयना धरणाचं भूकंपाखालचं वर्तन हा माझा विषय. मॉडेल ॲबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं आहे. आता एका कॉन्फरन्सला पेपर पाठवायचा आहे, फॉरमॅट आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचा. गाइड सर म्हणतात, निदान चाळीस रेफरन्स हवेत आणि त्यात त्यांचे पाच घाल. माझे वाचून झालेत चौदा. बाकीचे एका रिव्ह्यू पेपरच्या यादीतून घेतले, काही एआयला विचारून घेतले. एआयनं दिलेले दोन कुठंच सापडत नाहीत. सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) २३ टक्के आली आहे, ती १० च्या खाली आणायला सांगितलंय. मैत्रीण म्हणते, वाक्यं फिरवून लिही, येईल खाली. आयएस कोड (भारतीय मानकं) आणि सॉफ्टवेअरच्या मॅन्युअललाही रेफरन्स द्यायचा असतो का? आमचं गाव पाटण तालुक्यात आहे. भूकंपाच्या पहाटेचं आजोबा सांगतात ते प्रस्तावनेत घ्यावंसं वाटतं, त्याला काय संदर्भ देऊ? पहिली दोन पानं आणि रेफरन्सची यादी सोबत जोडली आहे.
– संदर्भांनी गांजलेली’

प्रिय गांजलेली,

तुझी पानं वाचली. इंग्रजी स्वच्छ आहे, मॉडेलचं वर्णनही नेटकं आहे. अडलंय ते पहिल्याच परिच्छेदात. तिथलं तुझं वाक्य मराठीत सांगायचं तर असं आहे: ‘कोयना इथे ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.५ रिश्टरचा भूकंप झाला, कमाल त्वरण ०.४९ जी नोंदलं गेलं आणि धरणाला तडे गेले.’ आणि पूर्णविरामाआधी चौकटी कंसात संदर्भांचे क्रमांक, १ ते ९.

लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’च्या खाली सगळ्या भावकीची नावं घालतात, कुणी रुसू नये म्हणून. तुझे नऊ आकडे तसे आले आहेत. पण पेपर वाचणारा काही रुसायला बसलेला नसतो. त्याला एवढंच हवं असतं की हा आकडा कुठून आला आणि तो तिथं जाऊन बघता येईल का. तुझ्या त्या एका वाक्यात चार वेगवेगळी विधानं आहेत. नवातला कुठला पेपर कुठल्या विधानाच्या मागे उभा आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तुला तरी सांगता येईल का, बघ.

आपण एकेक विधान घेऊ, कारण तुझा विषय यासाठी फार चांगला आहे.

तारीख. तुझ्याच यादीतले पेपर उघडलेस तर काहींत १० डिसेंबर सापडेल, काहींत ११. चूक कुणाचीच नाही. आपल्याकडे ती ११ तारखेची पहाट होती, सव्वाचारच्या सुमाराची. जागतिक वेळेनुसार तेव्हा १० तारखेची रात्रच चालू होती. तू ११ लिहिलंस ते बरोबर, पण ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द हवेत. नाहीतर ज्याचा संदर्भ दिलास त्याच्याच पानावर १० तारीख निघायची.

रिश्टर. कुठं ६.३ दिसेल, कुठं ६.५, कुठं त्याहून थोडं जास्त. वेगवेगळ्या मोजपट्ट्या आणि वेगवेगळ्या संस्थांचे हिशेब आहेत हे. त्यातला कुठलाही एक घे, पण तो ज्याच्याकडून घेतलास त्या एकाचाच क्रमांक त्या आकड्याला चिकटून दे आणि मोजपट्टी कोणती तेही लिही. ६.३ म्हणणारा पेपर ६.५ च्या समर्थनाला उभा केलास, तर परीक्षकाला तो पेपर माहीत असण्याची शक्यता दाट असते. कोयनेवर काम करणारी माणसं एकमेकांचं वाचतात.

आता त्वरण (‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). इथं खरी गंमत आहे. धरणाच्या गॅलरीतल्या उपकरणावर झालेल्या नोंदीचे जे आकडे सगळीकडे दिसतात, ते धरणाच्या आसाच्या दिशेनं ०.६३ जी, आसाला काटकोनात, म्हणजे प्रवाहाच्या दिशेनं, ०.४९ जी आणि उभ्या दिशेनं ०.३४ जी. म्हणजे ०.४९ हे ‘कमाल’ नाहीच. तुझ्या द्विमितीय मॉडेलला लागणाऱ्या दिशेतलं कमाल आहे. ‘प्रवाहाच्या दिशेनं’ हा शब्द गळला आणि वाक्य चुकीचं झालं. शिवाय तुझ्या तिसऱ्या विभागात, जिथं मॉडेलला प्रत्यक्ष भार दिलास, तिथं आकडा आहे ०.४७४. तो ॲबॅकसच्या मॅन्युअलमधल्या कोयनेच्या उदाहरणातला. एकाच पेपरात एकाच गोष्टीचे दोन आकडे, आणि दोन्हींच्या मागे तोच नऊ जणांचा घोळका. परीक्षक इथं थांबणारच. ०.४९ च्या शेजारी एक क्रमांक, ०.४७४ च्या शेजारी दुसरा, आणि विश्लेषणात कोणती नोंद वापरली याचं एक सरळ वाक्य. एवढं केलंस की प्रश्न मिटला.

तडे कुठं गेले हेही लिही. धरणाची मागची बाजू जिथं एकदम उतार बदलते, त्या पातळीच्या आसपास दोन्ही अंगांना तडे दिसले. तुझं सगळं विश्लेषण त्याच जागेवर येऊन ठेपतं, आणि तू मात्र ‘तडे गेले’ एवढ्यावर सोडून दिलंयस. यासाठी चोप्रा आणि चक्रबर्ती यांचा १९७३ चा पेपर आहे, अमेरिकेतल्या सिस्मॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमधला, खंड ६३. तुझ्या यादीत तो चौथा आहे, पण मला शंका आहे की तो तुझ्या चौदांत नाही. तो वाच. कोयनेवर लिहायचं आणि तो उघडायचा नाही हे मला तरी पटत नाही.

यावरून उचललेल्या संदर्भांकडे येते. रिव्ह्यू पेपरची यादी घेऊन वाचायला बसणं हा शहाणपणा आहे. यादी घेऊन चिकटवणं हा नाही, आणि ते पकडलं कसं जातं हे ऐकून ठेव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागातल्या सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ च्या सुमारास एका गाजलेल्या भौतिकशास्त्राच्या पेपरचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष चुकीचं छापलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चूक तर ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. ७८ माणसं स्वतंत्रपणे त्याच अंकावर अडखळणार नाहीत. एकानं चुकवलं, बाकीच्यांनी त्याची यादी उतरवली. यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी मूळ पेपर वाचणारे साधारण पाचातला एक असावेत.

दुसरा किस्सा याहून भारी. एल्सेव्हिअर या प्रकाशनाच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात, रेफरन्स कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक पेपर दिलेला होता: व्हॅन डर गीअर आणि इतर, ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाचं शीर्षक. असा पेपर कधी लिहिलाच गेला नाही. तरी वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या सूचीत त्याचे जवळपास चारशे उल्लेख निघाले, बहुतेक कॉन्फरन्सच्या अंकांमधले. नमुना भरला आणि नमुन्यातली ओळ पुसायची राहिली. हे लक्षात आणून दिलं पीटर क्रोननबर्ग या डच प्राध्यापकांनी. तेव्हा यादीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ‘हे मी कधी उघडलं?’ असं विचारायची सवय लाव. ज्याला उत्तर नाही, ती ओळ गेली.

तुझ्या यादीत असाच एक नमुना मला सापडला. क्रमांक १२, ली आणि फेनव्हस, १९९८. या दोघांचे त्याच वर्षी काँक्रीटच्या नुकसानीच्या मॉडेलवर दोन पेपर आले. एक जर्नल ऑफ इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये, काँक्रीटवरच्या चक्रीय भाराबद्दल. दुसरा अर्थक्वेक इंजिनिअरिंग अँड स्ट्रक्चरल डायनॅमिक्समध्ये, धरणांबद्दल, आणि त्यात चक्क कोयनेचंच विश्लेषण आहे. तुझ्या ओळीत शीर्षक दुसऱ्याचं आणि जर्नल पहिल्याचं आहे. ही ओळ एआयनं जोडून दिली की रिव्ह्यूमधून आली ते तुला ठाऊक. मटेरियल मॉडेलसाठी पहिला हवा, निकालांशी तुलना करायला दुसरा. दोन्ही घे, दोन वेगवेगळ्या जागी.

एआयनं दिलेले ते दोन न सापडणारे आधी काढून टाक. त्यावर विचारसुद्धा करू नकोस. बाकीच्या प्रत्येकाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) डीओआयच्या साइटवर टाकून बघ. उघडलेल्या पानावरचं शीर्षक, लेखक, वर्ष आणि तुझी ओळ शब्दाला शब्द जुळली पाहिजे. डीओआय उघडतोय म्हणजे झालं असं समजू नकोस, भलत्याच पेपरचा डीओआय जोडलेलाही आढळतो. त्याच पानावर पेपर मागे घेतल्याची सूचना आहे का तेही दिसतं. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनानं आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले, तेव्हा ही काळजी वायफळ नाही. जुन्या पेपरांना काही वेळा डीओआय नसतो. तिथं ग्रंथपालांना गाठ. आपल्याकडची मुलं लायब्ररीत परतीच्या पुस्तकांचा दंड भरायलाच जातात.

मूळ पेपर मिळालाच नाही तर? वेस्टरगार्डचं उदाहरण घे. धरणावरच्या पाण्याच्या दाबासाठी तू त्याचं सात-अष्टमांशाचं सूत्र वापरलंयस आणि १९३३ चा मूळ लेख उद्धृत केलायस. तो वाचला असशील तर उत्तम. पुस्तकातून घेतलं असशील तर ‘वेस्टरगार्डचं सूत्र, अमुक पुस्तकात दिल्याप्रमाणे’ असं लिही आणि क्रमांक पुस्तकाचा दे. यात कमीपणा काही नाही. उलट मूळ सूत्र ताठ धरण आणि पाण्याकडची उभी बाजू गृहीत धरतं. उसनं घेताना ही गृहीतकं हटकून गळतात, तुझ्याही पानावर ती नाहीत.

चाळीस हा आकडा कुठून आला मला माहीत नाही. आयईईईचा असा काही नियम नाही. सहा पानांच्या कॉन्फरन्स पेपरला पंधरा-वीस नीट वापरलेले संदर्भ पुरतात. पण गाइडशी वाद घालायला मी तुला सांगणार नाही. सही त्यांची लागते. त्यांचे पाचही पेपर वाच. त्यातला एखादा-दुसरा खरंच धरणांबद्दल किंवा तुझ्या पद्धतीबद्दल असेल, तो जिथं शोभतो तिथं आनंदानं घे. उरलेल्यांसाठी ड्राफ्टची प्रिंट घेऊन जा आणि शांतपणे विचार, ‘सर, हा कुठल्या वाक्याला जोडू?’ बहुतेक वेळा सर पान उलटसुलट करतात आणि ‘राहू दे मग’ म्हणतात. त्यांनी वाक्य दाखवलंच, तर तुझा पेपर त्या वाक्यापुरता सुधारला. आणि तरीही अडून बसले तर पाचातले दोन साहित्य-आढाव्यात जातील, पण निकालांच्या विभागात नकोत. निकालाला फक्त ज्याच्याशी तुलना केली तोच.

कोड आणि मॅन्युअल. दोन्हींना संदर्भ द्यायचा, आणि वर्षासकट. ‘आयएस १८९३ नुसार’ एवढंच लिहिलंस तर ते अर्धवट राहतं. १९६२ च्या पहिल्या आवृत्तीत देशाचे सात भूकंपक्षेत्र होते, शून्यापासून सहापर्यंत. कोयनेच्या भूकंपानंतर १९७० साली ते पाच झाले आणि २००२ साली चार. क्षेत्राचा नुसता आकडा वर्षाशिवाय निरर्थक आहे. आणि तू २०१६ चा भाग १ दिलायस. तो सर्वसाधारण तरतुदी आणि इमारतींचा आहे. धरणासाठी त्यातलं नक्की कुठलं कलम घेतलंस ते क्रमांकानं लिही, म्हणजे ते लागू पडतं का हे तुलाच कळेल. १९८४ च्या आवृत्तीत धरणांचा वेगळा भाग होता, तोही काढून बघ. गुरुत्व धरणाच्या संकल्पनासाठी आयएस ६५१२ : १९८४ आहेच. आयईईईत चौकटी कंसाच्या आतच पान, समीकरण किंवा आकृतीचा क्रमांक देता येतो. ही सोय आपल्याकडे फारसं कुणी वापरत नाही. तू वापर.

सॉफ्टवेअरचं नाव आवृत्तीसकट लिही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुझ्या तक्त्यात काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक ३१,०२७ मेगापास्कल आणि घनता २,६४३ किलो प्रति घनमीटर आहे, आणि तक्त्याखाली संदर्भ नाही. हे आकडे ॲबॅकसच्या उदाहरणातले आहेत. ज्यानं ते उदाहरण एकदा चालवलंय त्याला ते लांबूनच ओळखू येतात. ४५ लाख पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) मेगापास्कलमध्ये बदलले की साधारण एवढेच येतात, तेव्हा त्या पाच अंकांनी कुणी बारीक मोजमाप केलं असावं असा समज करून घेऊ नकोस. तक्त्याच्या शीर्षकातच ‘आकडे अमुक मॅन्युअलमधून’ असं लिही. मॉडेलचा आकारही तिथूनच घेतला असेल तर तेही. त्यानं तुझं काम लहान होत नाही. तुझं स्वतःचं काम मॉडेलच्या जाळीची घनता आणि डॅम्पिंग (कंपनं विरण्याचं प्रमाण) बदलून बघण्यात आहे. ते वेगळं उठून दिसायला हवं असेल तर उसनं काय ते आधी सांगावं लागेल.

आकृती २ तू रिव्ह्यू पेपरमधून जशीच्या तशी घेतलीस. नुसता क्रमांक देऊन ती छापता येत नाही, प्रकाशकाची परवानगी लागते. स्वतः काढ. धरणाचा छेदच तर आहे, कॅडमध्ये तासाभराचं काम. खाली ‘अमुकवर आधारित’ आणि क्रमांक.

आता ते २३ टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधासाठी १० टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द. कॉन्फरन्सची मर्यादा निराळी असू शकते, ती त्यांच्या सूचनांत बघ. त्याच नियमांत हेही लिहिलंय की रेफरन्सची यादी, मनोगत (प्रीफेस), आभार, रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि प्रमाण समीकरणं-संज्ञा मोजायच्या नाहीत. शिवाय सलग चौदा शब्दांपर्यंतचा योगायोगाचा मजकूरही धरायचा नाही. तुझा रिपोर्ट काढताना यादी वगळली होती का, ते आधी विचार. बऱ्याचदा तिथंच सात-आठ टक्के उतरतात.

उरलेल्यासाठी मैत्रिणीचा सल्ला ऐकू नकोस. ‘संशोधकांनी दाखवून दिले’चं ‘अभ्यासकांनी निदर्शनास आणले’ केल्यानं मशीन फसेल, पण विचार दुसऱ्याचा आणि नाव तुझं ही अवस्था तशीच राहील. फिरवलेल्या वाक्यालाही संदर्भ लागतो. रिपोर्टमध्ये रंगलेला परिच्छेद निवड, मूळ पेपर बंद कर, आणि शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला ते काम काय होतं हे तोंडी सांग. तिला सांगितलंस तसंच लिही आणि क्रमांक दे. सांगता आलं नाही, तर परिच्छेद लिहायची वेळ अजून आलेली नाही. गतीचं समीकरण, हूकचा नियम असल्या गोष्टींना मात्र संदर्भ नको. तिथं उगाच पाठ्यपुस्तकाचा क्रमांक टाकला की पेपर पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखा दिसतो.

आजोबांचं मन लावून लिहून घे, तारीख घालून, त्यांच्या शब्दांत. आयईईईत ‘खासगी संवाद’ म्हणून संदर्भ देण्याची रीत आहे, पण तिचा उपयोग तुझ्या सहा पानांत नाही. ती आठवण प्रवाहाच्या दिशेच्या त्वरणाला आधार देत नाही. प्रबंधाच्या मनोगतात तिला हक्काची जागा आहे. आजोबांचं नाव लिहायला तिथं परवानगीही एकाच माणसाची लागते.

राहिली यांत्रिक कामं. क्रमांक हे लेखात पहिल्यांदा येण्याच्या क्रमानं असतात, आडनावाच्या अकारविल्हेनं नाही. एकदा दिलेला क्रमांक त्या पेपरसाठी शेवटपर्यंत तोच. सहापर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावं, त्याहून जास्त असतील तर पहिल्याचं नाव आणि ‘इतर’. तू तीन लेखकांनाच ‘इतर’मध्ये ढकललंयस, ते दुरुस्त कर. हे सगळं हातानं करू नकोस. वरचं वाक्य मी सांगितलं तसं चार तुकड्यांत तोडलंस की सगळे क्रमांक हलणार आहेत. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, वर्डला जोडता येतं. वर्डऐवजी लाटेकमध्ये लिहीत असशील तर त्याचं संदर्भांचं साधन, बिबटेक, आहेच. मात्र गूगल स्कॉलरमधून उचललेली नोंद तपासल्याशिवाय आत घेऊ नकोस, कॉन्फरन्सचं नाव आणि पानं तिथं हमखास अर्धवट असतात. आणखी एक, आयईईईची बिबटेक शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करून टाकते. तुझ्या यादीत सहा ठिकाणी कोयनेचं स्पेलिंग लहान ‘के’नं छापलं गेलंय ते त्यामुळेच असावं. शीर्षकातल्या विशेषनामाला महिरपी कंस घाल, म्हणजे ते जसंच्या तसं राहील. मग फाइल पुन्हा कंपाइल कर आणि पाठवण्याआधी शेवटचं पान छापून, पेन घेऊन, एकदा वाच.